जुन्या नावाखाली शालन

वसंताच्या भाच्याचा फोन आला, "मामा गेलं." मी विचारलं, "राधानगरीला?" पलीकडं पोरगं रडायला लागलं, तेव्हा कळलं कुठं गेला ते. पण पावसाळ्यात वसंता घरात नसला की तिथल्या जंगलात, बेडकांच्या मागं असायचा, हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आमची टेबलं शेजारी होती आणि माझा गाढवपणा विभागभर वाटणं हा त्याचा आवडता उद्योग. एकदा मी एकाच जातीच्या बेडकाचे नर-मादी दोन वेगळ्या जाती म्हणून मांडले, तर हा पोरांच्या देखत ओरडला, "चांगला संसार मोडलास की रं!" दुसऱ्यांच्या नव्या जाती खोडून काढताना तर त्याला जेवणाची आठवण राहत नसे. मलकापूरहून एक मास्तर मोठ्या आशेनं बेडूक घेऊन आले होते. वसंतानं भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "पिल्लू हाय, पावणं. मोठं झाल्यावर आणा." मास्तरांचा चहा तसाच राहिला.

मग नव्वदच्या दशकात त्यालाच नवा बेडूक सापडला. पोटावर नारिंगी ठिपके. जातीला स्वतःचं नाव द्यायचा रिवाज नाही, म्हणून त्यानं बायकोचं दिलं. शालनवहिनींच्या नावाला लॅटिन शेपूट लागून ‘शालनाए’ झालं. त्यांना मूल नव्हतं. सासरच्या वंशावळीत वसंताच्या नावाखाली कागद कोरा होता, तो दाखवायला जावा विसरत नसत. आता बेडकांच्या वंशवृक्षावर त्यांची स्वतःची फांदी होती. आल्यागेल्याला त्या फोटो दाखवायच्या, "ह्यो माझा."

पुढं डीएनए आलं. वसंतानं हौसेनं बेडकाच्या बोटाचा तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं, की ठिपके नुसते रंगाचे, आतून हा बेडूक शंभर वर्षांपूर्वी नोंदलेल्या जातीचाच. वंशवृक्षावरच्या दोन फांद्या मुळात एकच निघाल्या, आणि अशा वेळी जुनं नाव टिकतं. वहिनी तेव्हा ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. "वश्या, त्या घरी येईपर्यंत तरी गप्प बस," मी म्हटलं.

"का? तवर बेडूक बदलणार हाय व्हय?"

तो तडक दवाखान्यात गेला. मी मागं, हातात मोसंबी. खाटेच्या कडेला बसून त्यानं सांगितलं, "शालन, तुझा बेडूक येगळा न्हाई. नाव पुसत न्हाईत, जुन्या नावाखाली लिवत्यात."

वहिनी छताकडं बघत म्हणाल्या, "म्हंजे सवतीच्या हाताखाली."

मी मोसंबी सोलायला घेतली. त्यांचं ऑपरेशन होतं, उपास होता. सिस्टरनं मला हाकललं. वसंतानं आठवड्यात निबंध छापायला धाडला, स्वतःचीच जात खोडणारा. त्या फोटोला वहिनींनी पुन्हा हात लावला नाही.

परवा मंगळवार पेठेत त्यांच्याकडं गेलो. टीव्हीशेजारी एक बरणी दिसली. वसंतानं घरी ठेवलेला नमुना. स्पिरिटमध्ये ठिपके कधीच उडालेले, बेडूक पांढराफटक, कुणाचाही वाटावा असा. चिठ्ठीवर मात्र वसंताच्या अक्षरात अजून ‘शालनाए’. वहिनी पदरानं काच पुसत म्हणाल्या, "पुस्तकातनं काढलं, हितनं न्हाई काढलं. हात धजला नसंल बघा त्यांचा."

आणि मी, जन्माचा अडाणी, बोलून गेलो, "नाही वहिनी, नमुन्याची मूळ चिठ्ठी कुणीच काढत नाही… शास्त्राचा नियम आहे तो."

त्यांचा हात थांबला नाही.

"ठावं हाय की मला, भावजी. तुमा दोघांतल्या एकाला तरी गप्प बसता येतंय का, तेवढं बघत हुते."