तिथीची पाऊणपट

आमच्या आईला भरती बोटांवर कळते. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. तृतीया असली तर तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला पाणी पार बंधाऱ्याला, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमाराला, खडक उघडे. थोडं मागेपुढे होतं, पण याच हिशोबावर आईने पन्नास वर्षं कालवं काढली. ओहोटीला आमच्या किनाऱ्यावरचे खडक उघडे पडले की बायका कोयती आणि टोपली घेऊन जातात आणि खडकाला चिकटलेली शिंपली फोडून आतलं मांस काढतात. आई शाळेत गेलेली नाही. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवते आणि वेळ सांगते.

मी डहाणूला एका ऑफिसात क्लार्क आहे. नवरा वापीला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतो. घरी आई आणि माझी अकरा वर्षांची मुलगी. मी दिवसभर बाहेर, पोरीचा अभ्यास कोण घेणार, म्हणून फोन मीच आणला आणि त्यात तो एआयही मीच घालून दिला. सुरुवातीला ती गणितं विचारायची. मग निबंध. मग उद्या छत्री नेऊ का, मैत्रीण रुसलीय तर तिला काय म्हणू, हेही. एकदा मी विचारलं, "भेंडी करू की वांगं?" तर ही फोनकडे वळली. मी हसले. शेजारणींना कौतुकाने सांगितलंसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या रविवारी तृतीया होती. आई सकाळी सहालाच टोपली काढून बसली. पोरीला सोबत जायचं होतं, पण ती अंथरुणातच. ती पडल्यापडल्या म्हणाली, "आजी, एवढी घाई नको. फोन म्हणतो अकराला ओहोटी."

"आज तीज हाय बाय," आई म्हणाली. "आठाला पाणी उतरंल. नऊला मी माघारी."

आणि मग मी तोंड उघडलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, किती वर्षं बोटं मोजणार? तो उपग्रहावरून सांगतो. झोपू दे पोरीला जरा."

आईने माझ्याकडे बघितलं. मी ऑफिसात जाते, मला इंग्रजी वाचता येतं, या गोष्टीचा तिला फार अभिमान. तिने टोपली खाली ठेवली आणि चहा मांडला.

दोघी साडेआठला निघाल्या. खडक उघडेच होते, त्यामुळे आईलाही वाटलं असेल की फोन बरोबर आहे. नऊला पाणी फिरलं ते तिला दिसलं होतं. हे तिने मला नंतर सांगितलं. दिसलं, पण पोर म्हणाली, "अजून दोन तास आहेत आजी," आणि आई पुन्हा खाली वाकली. खडक आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे. खडकावर अजून कोरडं असतं तेव्हा मागे हा पट्टा भरतो, हे तिला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. दहाला त्या वळल्या तेव्हा पट्ट्यात आईच्या छातीएवढं पाणी होतं.

आईने पोरीला खांद्यावर घेतलं. पासष्टीची बाई. मध्यावर तिचा पाय कालवांच्या धारेवर गेला आणि दोघी पाण्यात गेल्या. जाळं सोडायला आलेल्या दोघांनी त्यांना ओढून काढलं. पोरीला खरचटलं सुद्धा नव्हतं. आईची पोटरी उभी फाटली होती आणि पोटात पाणी गेलं होतं.

मला फोन आला तेव्हा मी कपडे धूत होते. हातातला शर्ट पिळला, दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि मग निघाले. मला काहीच वाटलं नाही. दवाखान्यात टाके घालताना आई ओठ आवळून बसली होती, तिच्याकडे बघूनही नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होते.

बाहेरच्या बाकावर पोर फोन पुसून पुसून टाइप करत होती. तिने त्याला विचारलं होतं, तू अकरा का सांगितलंस? तो म्हणाला, माफ करा, तुमचं बरोबर आहे, ओहोटी साडेनऊला होती. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा माफी मागितली आणि तिसरीच वेळ दिली. उंटावरचा शहाणा. पण उंट आमच्या दारात बांधला होता मी. पोरीने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "याला माहीतच नव्हतं."

फोन कपाटात गेला, किल्ली माझ्या पर्समध्ये. वाटलं, सुटलो. कसलं काय. आता ती सगळं मला विचारते. वही कुठली घेऊ, पाणी पिऊ का, बाईंना हे विचारलं तर चालेल का. मी ओरडते, मग गप्प बसते.

आणि आईने बोटं मोजणं सोडलं. पाय बरा झाला, महिना उलटला, टोपली उपडीच. शेजारणी सवयीने दारातून विचारायच्या, "मावशे, आज पाणी कधी?" आई म्हणायची, "मला नाय माहीत. नातीला विचारा, तिच्याकडं फोन हाय." आईला राग आला असता तर बरं झालं असतं. मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी रडले तरी असते.

मी तिला म्हटलं, पोरीला मोजायला शिकव. ती म्हणाली, "मला नाय येत आता." मग मीच पोरीला घेऊन ओट्यावर बसले. मला जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. त्या दिवशी मला सुट्टी होती, आणि पंचमी होती.

"पाचाची पाऊणपट," पोर म्हणाली. माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तिने अंगठा पेरांवर फिरवला, चुकली, पुन्हा फिरवला. "पावणेचार?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "चल, बघून येऊ."

साडेतीनला आम्ही बंधाऱ्यावर जाऊन उभ्या राहिलो. पाणी एकेक पायरी चढत होतं. चारला पाच-दहा मिनिटं असताना ते वरून तिसऱ्या पायरीवर थांबलं आणि तिथेच राहिलं. थोड्या वेळाने पायरीची ओली कड दिसायला लागली. पोर धावत घरी गेली. मी पोचले तेव्हा ती आईच्या खाटेशी उभी होती. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"आजी, पावणेचार निघालं. मी मोजलं. बरोबर आलं."

आईने भिंतीकडे तोंड ठेवूनच मला विचारलं, "फोन काय म्हणतो?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. फोन कपाटात होता, बंद, महिनाभर.

"फोनही तेच म्हणतो, आई," मी म्हटलं. "पावणेचार."

तेव्हा कुठे ती कूस बदलून आमच्याकडे वळली.