मॅचच्या दिवशी फोन न्हाई

सुगतला फुटबॉल कुणी शिकवला, असं बोरीत कुणालाही विचारा. उत्तर एकच, बापानं. आता गंमत अशी, की हा बाप, नागसेन, उभ्या जन्मात एक मॅच धड खेळलेला नव्हता. शाळेत शिपाई माणूस. तरुणपणी नांदेडच्या वसतिगृहात होता तेव्हा समोरच्या मैदानावर जे पाहिलं तेवढंच त्याचं भांडवल. पण याड लागलं ते लागलं. कापसाच्या पराट्या उपटून मोकळ्या झालेल्या रानात बाभळीच्या चार काठ्या रोवल्या, की झालं त्याचं मैदान. उन्हाळ्यात त्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. चेंडू कुठं उडेल याचा काही भरवसा नाही. "इथं चेंडू पायात ठिवलास तर जगात कुठंबी ठिवशील," नागसेन म्हणायचा. खोटं नव्हतं ते.

तेराव्या वर्षी सुगत पुण्याला निवडला गेला, सतराव्या वर्षी गोव्याच्या एका क्लबनं करार केला. नागसेननं त्या दिवशी घरात एक नियम केला. मॅचच्या दिवशी फोन करायचा नाही. घरच्यांनी पोराला नाही, पोरानं घरच्यांना नाही. "ध्यान हालतं. घरी म्हैस मेली तरी त्याला मॅच झाल्यावर सांगायचं." धम्मशीला, म्हणजे सुगतची आई, म्हणाली, "आपल्याकडं म्हैसच कुठं हाय?" तरी नियम पाळला तिनं. सुगतनंही पाळला. पुढं पुढं तर त्याला वाटायला लागलं, की नियम मोडला तर पाय मोडेल.

एकोणिसाव्या वर्षी क्लबनं त्याला दुसऱ्या एका क्लबकडं सहा महिन्यांसाठी उसना म्हणून पाठवलं. शेजारच्या सुलाबाईला हे काही केल्या पटेना. "भांडी उसनी देतेत मी पाह्यलं, लेकरं उसनी देतेली पहिल्यांदाच ऐकायले!" तिथं गेल्यावर चौदा मॅच तो बाकावर बसला. अंग गरम करायचं, बसायचं, पाणी द्यायचं, पुन्हा बसायचं. नागसेन दर रविवारी विचारायचा, "उतरवलं का?" आणि दर रविवारी तेच, "न्हाई पप्पा." पंधराव्या मॅचच्या आदल्या दिवशी कोच म्हणाला, उद्या तयार राहा. सुगतनं घरी सांगितलं. फोनवर बाप नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हॉटेलात सुगतचा फोन वाजला. पप्पा. तो जागा होता, फोन हातात होता. पप्पा आपल्याला जोखायलेत का काय, असं त्याच्या मनात आलं. उचलावा का नाही, या विचारात रिंग थांबली. त्यानं फोन उलटा ठेवला आणि आंघोळीला गेला. परत लावला नाही.

त्रेसष्टाव्या मिनिटाला त्याला उतरवलं. सत्तावीस मिनिटं खेळला. एक पास असा दिला की त्यावर गोल झाला. बाहेर आला तेव्हा मॅनेजर त्याची बॅग भरून उभा होता.

बोरीत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. बापाला बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. सकाळी साडेसहाला छातीत कळ येऊन गेला होता, दवाखान्याच्या वाटेवरच. सुगतनं पायाला हात लावला. पाय गार होते. याच्या पलीकडं त्याला काही वाटलं नाही. लोक रडत होते, सुलाबाईनं तर हंबरडा फोडला, आणि हा बघत उभा, एसटीच्या टपावर बांधलेल्या सामानाकडं बघावं तसा. सगळं उरकल्यावर कुणी ताट पुढं केलं की जेवायचा, झोप म्हटलं की पडायचा. "पोराच्या डोळ्याला टिपूस न्हाई," बाया कुजबुजल्या. खरंच नव्हता. आत फक्त एक आकडा होता, सहा वाजून दहा मिनिटं. आपण उचलला असता तर? बाप काय म्हणणार होता?

आईशी त्यानं हा विषय काढला नाही. आईनंही काढला नाही. पाच-सहा दिवस दोघं एका घरात, आणि बोलणं काय, तर चहा घेतोस का, घेतो.

सातव्या दिवशी विहारापुढं मांडव टाकून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, आणि मग आपल्याकडं होतं तेच झालं. माईक दिसला की माणसाला राहवत नाही! किशनराव सरपंच उठले. "बाप घरात मरून पडलेला, आन हे लेकरू काळजावर दगड ठिवून मैदानात उतरलं! याला म्हणतेत जिगर!" शालही आणली होती बरोबर. टाळ्या पडल्या. मयताच्या कार्यक्रमात टाळ्या, काय म्हणावं माणसांना! सुगतच्या खांद्यावर शाल आली, हातात माईक आला.

शालीकडं बघत तो म्हणाला, "मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला म्हाईत नव्हतं. पण पप्पांचा फोन आल्ता. सहा वाजून दहा मिनिटाला. फोन माझ्या हातात होता. मी उचलला न्हाई."

किशनराव खाली बघायला लागले. तेवढ्यात बायांच्यातून धम्मशीला उठली. पांढरं लुगडं, आवाज बसलेला.

"फोन मी लावल्ता," ती म्हणाली. "त्यायच्या मोबाइलवरून. छातीत दुखायलंय म्हणले, म्हणून लावला. त्यायनी माझ्या हातातून घेतला आन कापला. 'आज उतरवणार हायेत त्याला, गप बस,' म्हणले. मंग म्याबी म्याच सरेस्तोवर तुला कुणाला सांगू दिलं न्हाई. त्यायचा शब्द कसा मोडू?"

सुगत आईकडं बघत राहिला. त्याला वाटलं आता रडू येईल. नाही आलं. त्यानं शाल काढली, घडी केली आणि बापाच्या फोटोपुढं ठेवली.

पंधरा दिवसांनी तो परत गेला. मॅचच्या दिवशी सकाळी सहा वाजता उठला आणि आईचा नंबर लावला. रिंग संपेपर्यंत वाजली. तिनं उचलला नाही. कशी उचलेल? त्यानं पुन्हा लावला. पुन्हा नाही. चौथ्या वेळेला पलीकडून घाबरा आवाज आला, "काय झालं रे? आज म्याच हाय ना तुजी?"

"हाय."

"मंग फोन काऊन केलास?"

"उचलत जा आई," तो म्हणाला, आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा त्याला रडू फुटलं. "मी लावला की उचलत जा. मीबी उचलीन."