अर्धी राहिलेली हजेरी

कवायत मास्तर नव्वदीतही खुर्चीला पाठ टेकत नसत. ते माझ्या नवऱ्याचे आजोबा. पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला, पुंगोलच्या घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी सहा वाजता दारावर टकटक. "उठा सूनबाई, झोपून अंग आंबतं." ऑफिसातून नऊला आलेल्या बाईला हे ऐकवायचं! राग यायचा, पण उठायचे.

त्यांचं बालपण एका छोट्या संस्थानातलं, दोन महायुद्धांच्या मधलं. राजेसाहेबांच्या हुकमानं शाळेत व्यायाम सक्तीचा, वरच्या वर्गांना लाकडी बंदुका घेऊन लष्करी कवायत. मास्तर शिकले तिथंच आणि विशीच्या आत शिकवायलाही लागले. दक्ष म्हटलं की ताठ, आरम म्हटलं की पाय फाकवून, हात पाठीमागे, तोंड बंद. हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. जेवताना त्यांची टकळी सुरू झाली की माझी लेक इथल्या बोलीतलं शेपूट जोडून म्हणायची, "पणजोबा, आरम लाह." म्हातारा खरंच गप्प व्हायचा आणि आम्ही खिदळायचो. कसले निर्लज्ज होतो आम्ही.

टीव्हीवर इथल्या नॅशनल डेच्या जुन्या परेडचं चित्रण लागलं की मात्र ते उठून बाल्कनीत जायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "पावलं फार चांगली पडतात पोरांची. म्हणूनच बघवत नाही." मी आत वळले. मला कुकर लावायचा होता.

महाराष्ट्र दिनाला बुकित तिमाहच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम ठरला. चिटणीसांना 'संस्थानातली शिस्त' या विषयावर दहा मिनिटं हवी होती, "काहीतरी प्रेरणादायी". मास्तर आठवडाभर फेऱ्या मारत पुटपुटत होते. मला म्हणाले, "सूनबाई, या वयात विमानात बसलो ते ह्यासाठीच. माझी पोरं इथंच उतरली होती."

"कोणती पोरं, आजोबा?"

"हॉलमध्ये सांगतो. दोनदा सांगायला जमायचं नाही."

सूर्यनमस्कारांच्या गोष्टीला टाळ्या पडल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "लढाई लागली. भरतीचा साहेब शाळेत आला, म्हणाला, चांगली पोरं दाखवा. मी दाखवली. मला तो मान वाटला. त्यातली पाच ह्या बेटावर आली. एकही घरी परतला नाही. आज त्यांची हजेरी घेतो. बाळू सुतार. गेनू माने."

चिटणीस माझ्या कानाशी वाकले. "वहिनी, आवरा त्यांना. सणासुदीला हे काय मढं उकरणं? पुढं लेझीम आहे, मुलं खोळंबलीत." माझा नवरा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. चार माना माझ्याकडे वळल्या. मला लाज वाटली. आजोबांची लाज वाटली मला. पहिल्या रांगेतून मी म्हटलं, "आजोबा, आरम."

तिसरं नाव त्यांच्या ओठांवर होतं. पाय फाकले, हात मागे गेले, तोंड मिटलं. लोकांना वाटलं भाषण संपलं. कडाडून टाळ्या झाल्या आणि चिटणीसांनी हसत हसत त्यांच्या खांद्यावर शाल घातली. ती शाल मी पुढं फरशी पुसायला काढली, तरी माझा जीव निवला नाही.

परतताना एमआरटीच्या मेट्रोत मी हात जोडले. "आजोबा, मला सांगा ना बाकीची नावं." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "हजेरी चारचौघांसमोर घ्यायची असते, सूनबाई. कानात सांगायची नसते." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. महिन्याभरात ते पुण्याला परत गेले आणि दिवाळीच्या आधी वारले. पुण्यात सगळ्या नातेवाइकांना विचारलं. ती पोरं कुणालाच ठाऊक नव्हती.

परवा चिटणीसांचा फोन आला. मंडळाच्या स्मरणिकेत मास्तरांचा फोटो छापायचाय, "प्रेरणादायी ज्येष्ठ" म्हणून. मी म्हटलं, "छापा. खाली बाळू सुतार आणि गेनू माने लिहा आणि पुढं तीन ओळी कोऱ्या सोडा."

"कोऱ्या कशाला, वहिनी? नावं द्या की, टाकतो."

आता देतोय मेला जागा. आणि माझ्याकडे नावं नाहीत.