सक्तीची शाळा आणि आमची म्हैस

आमच्या गावात शिक्षण सक्तीचे झाले त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते आणि घरची म्हैस माझ्याकडे होती. तिला चरायला नेणे, दुपारी डोहात बसवणे आणि संध्याकाळी दूध निघेपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहणे, ही सारी कामे माझी. आदल्या साली तिचे रेडकू गेले होते. त्यानंतर ती कोणालाच दूध देईना. एका संध्याकाळी तिच्यापुढे कोंडा-पेंडीच्या आंबोणाची पाटी ठेवून मी काहीबाही बोलत उभी राहिले आणि ती पान्हावली. तेव्हापासून माझा आवाज कानी पडल्याखेरीज धार उतरत नसे. माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. म्हशीशी मात्र मी तासन्‌तास बोले. आजही चारचौघांत बोलण्यापेक्षा मला लिहिणे सोपे वाटते, आणि तेही मी फार उशिरा सुरू केले.

गाव राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. दूध आटवून खवा करायचा आणि बाजारच्या दिवशी तो राजूरला न्यायचा, हा आमच्या घरचा शिरस्ता. मीठ, तेल, कापड, सारे त्या खव्यावर येई. म्हणून म्हशीचे रुसणे ही साधी गोष्ट नव्हती.

शाळा तोवर मारुतीच्या देवळात भरत असे. देवळात ज्यांची मुले बसू शकत त्यांची मुले आत बसत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली दोन-चार मुले पायरीखाली, उन्हात. मुली जवळजवळ नव्हत्याच. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर सक्तीचा कायदा आमच्या गावालाही लागू झाला, आणि नव्याने आलेल्या गुरुजींनी पहिली गोष्ट केली ती ही, की शाळा देवळातून उचलून ओढ्याकाठच्या खळ्यावर, मोठ्या जांभळीखाली नेली. भाताची मळणी उरकल्यामुळे खळे रिकामेच होते. काही जाणत्यांनी कारण विचारले. गुरुजी म्हणाले, "सक्ती सगळ्यांना आहे, तर सावलीही सगळ्यांना पाहिजे." एवढी मुले देवळात मावणार नाहीत हेही खरेच होते, त्यामुळे कुरकुरणाऱ्यांना पुढे काही बोलता आले नाही.

मग गुरुजी घरोघर फिरू लागले. आमच्या ओट्यावर आले तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकत होते. शाळेत जावे असे मला किती वाटत होते, हे तोवर मी फक्त म्हशीला सांगितले होते.

"मुलगी नऊ वर्षांची, म्हणजे सक्तीत बसते," गुरुजी म्हणाले.

"बसंल की," बाबा म्हणाले. "मला कुठं नको हाय? पन पोरगी शाळंत बसली तर म्हशीनं कुठं बसायचं?"

"कायदा आहे हो."

"कायदा मानसांना हाय, गुरुजी. म्हशीला त्यो कोन वाचून दावनार?"

गुरुजींना हसू आवरेना. तेवढ्यात माझे धाकटे चुलते पुढे झाले. काका तालमीतले गडी. त्यांच्या मिशांचा गावात दरारा होता. ते म्हणाले, "मी नेतो म्हशीला. एवढ्याशा पोरीला जमतंय आन मला जमंना व्हय?"

आतून आई म्हणाली, "भावजी, गेल्या साली तिनं तुमालाच डोहात बसवलं हुतं."

"तवा पाय घसरला हुता, वैनी."

"व्हय. तिनं ढकलल्यावर घसरला."

बाबांनी निकाल दिला. राजूरचे दोन बाजार होईपर्यंत मला शाळेत पाठवून पाहायचे. तेवढ्यात चरण्यापासून धारेपर्यंत म्हैस काकांच्या हाती रुळली आणि दूध पहिल्यासारखे मिळू लागले तर शाळा. नाही तर पोरीने मुकाट्याने माळ गाठायचा, मग सरकार काय म्हणायचे ते म्हणो.

शाळेचा पहिला दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. नव्या पाटीला ओल्या मातीचा वास होता. सर्वांत उंच मी, म्हणून मला मागच्या गोणपाटावर बसवले. तिथे माझ्याआधी एक मुलगी बसली होती. ती पूर्वी देवळाच्या पायरीखाली बसून शिकत असे, म्हणून तिला दोनाचा पाढा बिनचूक येत होता. तिने सरकून मला जागा दिली आणि म्हणाली, "ऐसपैस बस. हितं पायरी न्हाई." आमचे गुडघे एकमेकींना टेकले होते आणि मला फार बरे वाटत होते.

दुसरे अक्षर गिरवून होते न होते तोच खळ्याच्या कडेने म्हैस आली. मागून काका धावत येत होते आणि त्यांच्या खांद्यावर तुटलेले दावे लोंबत होते. म्हैस मुलांच्या दोन ओळींमधून शांतपणे चालत माझ्यापाशी आली, माझ्या पाटीवरचा ग चाटला आणि जांभळीखाली बैठक मारली. सगळी शाळा खदखदून हसली. गुरुजींनी चष्मा पुसत विचारले, "हिचं वय काय? सहाच्या पुढची असेल तर बसू द्या."

संध्याकाळी माझ्या जागी काका मानेशी उभे राहिले आणि म्हशीने दूध चोरले. चरवीचा तळसुद्धा भिजला नाही.  बाबा नुसते माझ्याकडे पाहून आत गेले.

काकांनी मग आमच्याकडचा जुना उपाय काढला. जनावर ज्याच्या हाती असते त्याचे कपडे अंगावर घेतले की वासाने ते फसते, असा अनुभव. काही घरी बाईला बरे नसले की घरधनी तिचे लुगडे गुंडाळून म्हशीखाली बसत. काकांनी माझा धुवायचा परकर डोक्यावरून घेतला, हनुवटीखाली गाठ मारली आणि आवाज बारीक करून म्हशीला साद घातली. तिने परकर हुंगला. खूश होऊन एक पाऊल पुढे टाकले. मग तिच्या नाकपुडीला मिशी लागली. ती अशी फुरफुरली की परकर थेट गोठ्याच्या कुडाच्या भिंतीवर जाऊन पडला. आई चुलीपुढून उठून आत निघून गेली. तिला हसू दाबता येईना आणि दिरापुढे हसणे बरे दिसेना.

"परकर बरुबर हुता," काका म्हणाले. "मिशीनं घात केला."

"मग काढा की मिशी," आईचा आवाज आला.

"शाळा पोरीची हाय, वैनी. मिशी माझी हाय."

पहिला बाजार जवळजवळ रिकाम्या हातांनी गेला. आता एकच बाजार उरला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत माझे गिरवण्यात लक्ष लागेना. शेजारणीने कोपराने ढोसून विचारले, "काय झालं?" मी पहिल्यांदाच तिला एवढे सारे सांगितले.

तिने पेन्सिलीने डोके खाजवले. "तू म्हशीसंगं काय बोलतीस?"

"काही पन. मनाला येईल ते."

"रोज येगळं?"

"व्हय."

"मग तुझ्या काकानं शिकायचं तरी काय? रोज एकच बोल की. पाढा म्हन. पाढा कुनी बी म्हनला तरी सारखाच ऱ्हातो."

त्याच संध्याकाळी काकांना बाजूला करून मी म्हशीच्या मानेवर हात ठेवून दोनाचा पाढा म्हटला. तिने कान हलवले, आणि बे चोक आठला आईच्या चरवीत पहिली धार वाजली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी मी काकांना शेजारी उभे केले. तालमीत मोठमोठ्या गड्यांना लोळवणारे काका माझ्या मागून हळूच म्हणू लागले, "बे एके बे." बे दुणे चारला ते अडखळले. पाढ्याशी त्यांची ती पहिलीच गाठ होती. माळावर जातानाही ते ओठांतल्या ओठांत घोकत. डोंगरउतारावरचे गुराखी विचारत, "कुनाचा जप चाललाय?" काका उत्तर देत, "म्हशीचा."

रोज माझा आवाज मी थोडा उतरवू लागले आणि काकांचा थोडा चढू लागला. म्हैस आता त्यांच्यामागे माळावर जाई, जांभळीकडे वळून एकदा हंबरे, पण थांबत नसे. संध्याकाळचे मात्र सांगता येत नव्हते, कारण त्या वेळी मी जवळ असेच.

दुसऱ्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बाबा गोठ्यात येऊन खांबाला टेकून उभे राहिले. "पोरगी आत," ते म्हणाले. "आज एकट्यानं हू दे."

मी कुडाआड गेले. कुडाच्या फटीतून मला फक्त म्हशीची पाठ आणि काकांची मिशी दिसत होती. आई चरवी घेऊन खाली बसली. काकांनी मानेवर हात ठेवला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. बे एके बे. काही नाही. बे दुणे चार. बे त्रिक सहा. म्हैस आंबोण खात राहिली. बे चोक आठला तिने मान उचलून इकडेतिकडे पाहिले.  बे पंचे दहानंतर काका अडले.  मग एकदम, तालमीत शड्डू ठोकावा तशा आवाजात ते म्हणाले, "बे सक तेरा."

चरवीत धार वाजली.

चूक ऐकताच मी न राहवून कुडाबाहेर डोके काढले आणि तोंड उघडले. दूध पिळता पिळताच आईने मागे न पाहता दरडावले, "गप. म्हशीला चालतंय."

बाबा हसू लागले. चरवी वरपर्यंत भरून फेस आला तरी ते हसतच होते. मग खाली वाकून त्यांनी माझ्या परकरावर लागलेला कोंडा झटकला. "सकाळी लवकर ऊठ," ते म्हणाले. "आन गुरुजींना इचार, मोठ्या मानसांना तेरा चालतंय का न्हाई."