आंबेहळदीचा लेप

लेप माझ्या घोट्यासाठी होता, पण त्याचा पहिला पिवळा ठिपका उमटला थोरल्या जाऊबाईंच्या मनगटावर. किती गरम आहे ते त्या पाहत होत्या. सहा महिने आमचा अबोला होता. माझा पाय मुरगळल्याचं कळताच त्या आंबेहळद उगाळून, पळीत कढवून वरच्या मजल्यावरून आल्या.

"वाळेपर्यंत हलायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"बसते इथंच. तुझा काय भरवसा? उठशील भांडी घासायला."

लेप वाळताना कातडी ओढली जाते, मग त्याला भेगा पडतात. तेवढ्या वेळात आमचं बरंच बोलून झालं. सूज हळदीने उतरली की त्यांच्या बसण्याने, या खोलात मी शिरत नाही. तिसऱ्या दिवशी पाय बरा होता. तरी जिन्यात त्यांची पावलं वाजली तसा मी तो स्टुलावर ठेवला.