स्लॅबवाल्या बाई

पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी सोफा वाचवला आणि आईच्या शुगरचं इंजेक्शन खाली फ्रिजमध्ये विसरलो.

आमची वस्ती झरपट नदीच्या काठाला, गोल बाजारापासून हाकेच्या अंतरावर. ओळीत स्लॅबचं घर एकच, शेजारच्या बाईंचं. त्यामुळे पूर आला की सगळ्यांच्या गाद्या, भांडी, कोंबड्या आणि म्हातारी माणसं त्यांच्या गच्चीवर. बाई कुणाला ‘या’ म्हणत नाहीत. दार उघडं टाकतात, गुडघे धरत जिना चढतात आणि नदीकडे पाठ करून बशीतला चहा फुंकत बसतात.

“आली माही नणंद,” नदीला उद्देशून थकल्या आवाजात म्हणतात, “आता लवकर हलत नाई.”

त्या दिवशी गच्चीवर आईच्या इंजेक्शनची वेळ झाली, तेव्हा कुठे मला आठवलं. मी तिथं चढवलेल्या सोफ्यावरून उठलो आणि पुन्हा बसलो. खाली कमरेएवढं पाणी होतं आणि मला पोहता येत नाही.

बाईंनी बशी खाली ठेवली. “सोफ्याले शुगर हाय का रे तुह्या?” एवढं विचारून त्या पदर खोचून खाली उतरल्या.

आई माझ्याकडे बघेना. बऱ्याच वेळानं बाई इंजेक्शनचा डबा डोक्यावर धरून वर आल्या, तो आईच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी डोळे मिटले.

मी म्हणालो, “बाई, पुढच्या खेपेला मी जातो.”

“तू नोको जाऊ, बापू,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “मंग तुले शोधाले मलेच उतरा लागन.”