साल काढायची नाही

आमच्या शेजारच्या चाचांसारखा माणूस साऱ्या भूममध्ये दुसरा नव्हता, आणि नव्हता तेच बरं होतं. नाहीतर गावातल्या शेळ्या उपाशी मेल्या असत्या. निजामाच्या अमलात ते कचेरीत कारकून होते. राज्य विलीन झालं तसे पेन्शनीत निघाले आणि साली खाऊ लागले. चिकू, काकडी, आंबा, काहीही सोलायला घ्या, भिंतीपलीकडून हाक आलीच, "भाभी, छिलका नक्को काढू! दिलाची दवा त्यातच हाय!" आमची ही वैतागायची, "यांना काय विळीचा वास येतो?" एकदा तर त्यांनी केळ्याच्या सालीची भाजी केली आणि आम्ही संपवेपर्यंत समोर बसून राहिले. सीताफळापुढं मात्र बिचाऱ्यांनी हात टेकले.

आम्ही थट्टा करायचो, पण बेतानं. चाची छातीच्या कळेनं ऐन उमेदीत गेल्या होत्या. झाड आपलं औषध सालीत राखून ठेवतं, असं मागाहून कुण्या हकिमानं सांगितलं, आणि चाचांनी ते जे धरलं ते धरलं. घरात ते आणि त्यांची एकुलती एक नूर.

त्या नूरला बघायला नळदुर्गचे पाहुणे येणार होते. स्थळ लाखात एक! "अब्बा, आज छिलक्याचं नाव काढाल तर बघा," तिनं दम भरला. चाचांनी कानाला हात लावला.

मुलाचे वडील अंगानं भारी. ओट्याच्या दोन पायऱ्या चढले आणि शेजारी म्हणून बोलावलेल्या माझ्याजवळ धापा टाकत बसले. नूरनं सोललेल्या काकडीच्या फोडी तिखटमीठ लावून बाहेर पाठवल्या. चाचा पाहुण्यांच्या छातीकडं नुसते बघत होते. एकदम उठून आत गेले आणि आले ते सालींची टोपली घेऊनच!

"रिश्ता करा, न्हाय तर नका करू," ती पुढं ठेवत ते म्हणाले, "पण आधी हे खावा. नूरची अम्मी अशीच धापा टाकायची. म्या ध्यान दिलं न्हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. आत नूर रडायला लागली. पाहुण्यांनी टोपलीकडं बघितलं, चाचांकडं बघितलं, आणि एक साल उचलून चावली. तोंड वेडंवाकडं करत म्हणाले, "माझ्या घरी कुणी येवढी फिकीर करत न्हाय. पोरगी द्या आमाला."

थाटात लग्न झालं. नूर नांदायला गेली. भिंतीपलीकडची हाक बंद झाली, तसं आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एका संध्याकाळी चाचा येऊन बसले. हिनं काकडी सोलून पुढं ठेवली, तर मुकाट्यानं खायला लागले.

"चाचा, साल काढलीय हो," मी म्हणालो.

"असू द्या," ते म्हणाले. "नळदुर्गची गाडी येऊन गेली का?"